घोंगडीखालची गोष्ट

आबा, तुमचा गुडघा आता कसा आहे? चढावर अजून कुरकुरतो का? आईचा दमा? आजीला सुई ओवता येते का तिथं? आणि आपला धाकटा, तो तर परवापरवाच तुमच्याकडे आला, त्याला गोड देऊ नका, माझं त्यानं कधी ऐकलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे. माझं बरं चाललंय. फक्त सकाळपासून दोनदा चहा उतू घालवला. नातीच्या इमारतीतली चार घरं उद्या लहान पोरं घेऊन डोंगरावर निघालीत, झाडं-पाखरं दाखवायला. तिची पाच वर्षांची लेक मला म्हणते, "पणजी, तू पण चल." कुठला डोंगर म्हणून विचारलं, तर आपलाच.

तुम्ही पिंपरीला कारखान्यात लागलात आणि आपल्या घरात रविवार आला. तोवर चाकणकडच्या आपल्या गावात डोंगरावर माणूस जायचा तो सरपणाला, नाहीतर गुरांमागं. शनिवारी सायकल मारत आलात आणि म्हणालात, "उद्या पोरांना डोंगर दाखवतो." आजी चुलीपुढून म्हणाली, "त्यो काय पळून चाललाय व्हय?" सकाळी वेशीवर एकानं हटकलं, "राव, म्हैस हरवली का?" तुम्ही ऐटीत, खांद्यावर घोंगडी, "न्हाई. सुट्टी हाय आज."

करवंदं फोडून आम्ही कोंबडा की कोंबडी खेळत वर गेलो. कड्याखाली शेंदराचा दगड होता. देवापुढून तसंच कसं जायचं, म्हणून आईनं पदराच्या गाठीतला ऊद काढला आणि वाळक्या शेणाच्या निखाऱ्यावर टाकला. धूर सरळ वर गेला. वर आग्यामोहोळं लोंबत होती, ती कुणी पाहिलीच नव्हती. आधी जात्यासारखी घरघर झाली, मग ऊन काळवंडलं.

"बसा खाली! हालू नगा!" तुम्ही घोंगडी आमच्या तिघांवर टाकता आणि कडा गुडघ्यांनी दाबून धरता. आत काळोख, लोकरीचा वास, आईनं धाकट्याचं तोंड छातीशी दाबलंय. हे लिहितानाही माझ्या कानात घूं होतं. आई म्हणते, "तुमी बी आत या." "जागा कुठं हाय? गप ऱ्हा." आणि मग तुम्ही चक्क गोष्ट सांगता. "कारखान्यात पहिल्या दिवशी भोंगा झाला. समदी पळाली. म्हटलं, आग लागली! मीबी पळालो, पार पुढं. बघतो तर काय, समदी भाकरीची फडकी सोडून जेवाय बसलेली!" धाकटा आतल्या आत खुदकन हसला. तुमचा आवाज एकदाही अडखळला नाही. माश्या शांत झाल्यावर घोंगडी उचलली, तर तुमचे डोळे सुजून मिटलेले, कान भोपळ्यासारखे. आईनं हंबरडा फोडला. तुम्ही म्हणालात, "सुट्टी एक दिसाची व्हती, माश्यांनी चार दिसांची केली."

पुढं जन्मभर तुम्ही पाहुण्यारावळ्यांना सांगत राहिलात, भ्यायचं काय त्यात! मी मान डोलवायची. पण आबा, घोंगडीवरून तुमचा पंजा माझ्या डोक्यावर होता, आणि तो थरथरत होता, सुपात दाणे थरथरावेत तसा. आवाज सरळ आणि हात असा. त्या हाताची मला माश्यांहून जास्त भीती वाटली. तुम्हाला कधी बोलले नाही.

उद्या मी जाणार आहे. अत्तर नको, उदबत्ती नको, सगळ्यांना बजावून झालं, ती हसतात. घोंगडी मी पिशवीत घातलीय, अंगानं पातळ झालीय पण तिच्यात एक पोर मावेल. हा कागद तिच्याच घडीत ठेवते, दुसरीकडे कुठं टाकणार? एवढंच कळवा, हात असा हलत असताना आवाज सरळ कसा ठेवायचा. उत्तर लवकर लिहा, आबा. सकाळी उजाडताच निघायचंय.