मधला दगड

३ नोव्हेंबर १९९८
पोचलो एकदाचे! शारजाच्या रोल्ला भागातल्या हॉर्नच्या कलकलाटातून सुटून थेट मसाफीच्या पुढच्या डोंगरात. कंपनीने अख्खा व्हिला दिलाय, अंगणात खजूर आणि लिंबू. काम तसं हलकं आहे. ज्यांनी पहिल्यांदा इथे कालवा खणून गाव वसवलं, त्यांच्या जुन्या कब्रस्तानाची डागडुजी करायची. कुंपणाची भिंत, पायवाट, साफसफाई. विभावरीला सातवा लागलाय. बाळंतपणाला पुण्याला जा म्हटलं, तर ऐकेल ती विभा कसली! फोरमन हमदुल्ला निघाला रत्नागिरीचा, म्हणजे भांडायलाही मराठी माणूस मिळाला. त्याची बायको मैमुनाबी आल्या आल्या विभाचे डोहाळे विचारून गेली.

५ नोव्हेंबर
कबरींवर नाव नाही, तारीख नाही. उशाला एक उभा दगड, पायथ्याला एक. काहींवर मध्येच तिसरा, बहुधा डोंगरावरून गडगडत आलेला. हमदुल्ला सिमेंट आणायला शारजाला गेलाय. त्याच्यासाठी कशाला थांबायचं? यल्ला, चला म्हटलं आणि मजुरांकडून मधले दगड उचलून पायवाटेच्या कडेला लावून घेतले. कसं चकाचक दिसतंय! आमच्या टापटिपीला तोड नाही.

७ नोव्हेंबर
मैमुनाबी सांदणं घेऊन आली आणि पायवाट बघून ओरडलीच, हे काय केलंत? इकडे पुरुषाच्या कबरीला दोन दगड, बाईच्या कबरीला तीन. म्हणजे मी शहाण्याने गावच्या पहिल्यावहिल्या बायका एका दुपारात पुसून टाकल्या. हमदुल्ला एवढंच म्हणाला, साहेब, विचारायचं तरी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठला दगड कुठला, कोणालाच ठाऊक नाही. अंदाजाने परत लावून टाकले.

८ नोव्हेंबर
सकाळी सगळे दगड पुन्हा पायवाटेच्या कडेला. मजूर खलास म्हणून निघून गेले. विभा म्हणते, दुपारी डोळा लागला की बायका येतात, तिच्या पोटावरून हात फिरवतात. थंड हात. नुसत्या चाचपतात. मी हसण्यावारी नेलं. पण भीती वाटतेय, खरंच वाटतेय. उद्या गाडी आली की तिला शारजाला नेतो.

९ नोव्हेंबर
गाडी आली. हाक मारायला गेलो तर विभा अंगणात उताणी. उशाला दगड. पायाशी दगड. पोट — सपाट. रक्त नाही, कळा नाहीत. उठताच येत नाही म्हणते.

हमदुल्ला गाडी घेऊन डॉक्टरकडे पळाला. मैमुनाबी तिचा हात धरून दुआ पुटपुटतेय. मी पायवाटेवर. एकेक दगड चाचपत — थंड, थंड —

एक कोमट. आत काहीतरी हलतंय. देवा, लाथ मारतंय —

आणलाय. मांडीवर आहे. विभा ओरडतेय, ठेव माझ्या पोटावर, माझं आहे ते. मैमुनाबी ओरडतेय, साहेब, नका ठेवू, तिसरा दगड ठेवलात की हिची —

लाथा मंद होतायत. ठेवला तर विभा. नाही ठेवला तर —

विभाने हात पुढे