जरा एक लिफ्ट

३ मार्च, सोमवार

एका दाराचा खरा खर्च. एकदाच लिहून ठेवतो.

भाचीचे अकरा दिवस. चित्रकाराचे चार. एक माऊस (भाचीने टेबलावर 'ठेवला', त्यात गेला).

आणि दार कसलं, तर कॉम्प्युटरमधलं! आमचा सुतार जेवणानंतर तीन दारं बसवतो आणि पाचच्या आत घरी जातो. हे मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, मामा, सुताराला कुणी विचारत नाही की दारात सोफा अडकला तर दार काय करणार. दारामागे माणूस उभा असला तर त्याचं काय? दोघांनी दोन बाजूंनी ढकललं तर कोण जिंकणार? मी म्हणालो, आमच्या धंद्यात ज्याचा आवाज मोठा तो. तिने हे लिहून घेतलं नाही.

मी तर एवढंच म्हणालो होतो की दार जरा उघडू दे.

घरसामान हलवण्याच्या धंद्यात मला एकतीस वर्षं झाली. एका हातगाडीवर सुरुवात केली, आज सात ट्रक आहेत. भाचीने रविवार-रविवार खर्चून एक गेम केला होता. दोन खेळाडू, एक सोफा, तीन मजल्यांचा जिना. सोफा खाली आणायचा, बास. मी बघितला आणि म्हणालो, पोरी, हा तर माझाच धंदा! गोडाऊनच्या वरची खोली दिली, एक चित्रकार दिला. तिने ऑफिसात वर्षाची बिनपगारी रजा टाकली. ३० सप्टेंबरच्या आत गेम चालला तर राजीनामा, नाहीतर परत त्याच खुर्चीत बसून विम्याचे फॉर्म बनवायचे. ते फॉर्म मी बघितलेत. नुसते चौकोन. माझ्या बहिणीची पोर मी चौकोनात परत पाठवणार नाही.

संकल्प: आजपासून एकही नवीन सूचना नाही.

३ मार्च, दुपारी चार

जरा एक मांजर हवं. ही सूचना नव्हे, निरीक्षण. सामान हलवताना मांजर पायात येतंच.

१० मार्च

मी तिखट कानाचा आहे, आणि माझी केबिन आणि त्यांची खोली यांमधलं पार्टिशन प्लायवूडचं. आज कळलं की माझ्या सूचनांसाठी भाचीने कॉम्प्युटरवर वेगळं फोल्डर केलंय. त्याचं नाव 'जरा'. आत नंबर घातलेत. दार जरा-नऊ, मांजर जरा-बावीस. ऊर भरून आला. इतक्या वर्षांत माझा शब्द इतका जपून कुणी ठेवला नव्हता. बायकोने तर नाहीच.

चित्रकार म्हणत होता, जुन्या भाषेत जरा म्हणजे म्हातारपण. भाची म्हणाली, मग बरोबरच आहे, आपल्या गेमला ते जन्माआधीच आलंय. दोघं बराच वेळ हसले. इकडून मीही हसलो. कामाच्या जागी वातावरण कसं मोकळं पाहिजे.

२ एप्रिल

गेमची परीक्षा. ट्रकवरचे आपले दोन हमाल वर बोलावले. त्यांना शहर दाखवलं: नवीन आहे, चाळीस रस्ते, चालवता येणारे ट्रक, सिग्नल. ते पाच मिनिटं सिग्नलला थांबले आणि म्हणाले, मालक, हे आम्ही दिवसभर करतोच.

मग भाचीने त्यांना जुना जिना लावून दिला. पहिल्या वळणावर सोफा अडकला. एक म्हणाला, अरे उभा कर, उभा! दुसरा म्हणाला, तुझ्या बापाने केला होता का उभा? सोफा गडगडत खाली गेला, त्याच्या मागोमाग दोघंही. मोठा हमाल खुर्चीवरून खरोखर खाली पडला, हसून. जेवणाची वेळ टळली तरी उठायला तयार नाहीत. शेवटी मी वीज बंद केली.

निष्कर्ष: ज्याला खेळ कळतो असा माणूस परीक्षेला बोलवायला हवा होता.

भाची मात्र दिवसभर खुशीत होती. का ते कळलं नाही.

१९ एप्रिल

गेममधली बंद कपाटं आतून रिकामी आहेत! चित्रकार म्हणतो, मालक, ती उघडतच नाहीत, आत कोण बघणार? मी म्हणालो, मी बघणार. रिकामं कपाट आणि भरलेलं कपाट मी नुसतं टिचकी मारून ओळखतो. गिऱ्हाइकाला फसवायचं नाही.

आता प्रत्येक बंद कपाटात घडी केलेले कपडे असतील. जरा-एकेचाळीस.

गेम जूनऐवजी ऑगस्टात. हा उशीर नव्हे. ट्रक निघालाच नाही, तर उशीर झाला असं कसं म्हणणार?

७ मे

जाहिरातीचा व्हिडिओ तयार. काय दिसतो! शेवटी आठव्या मजल्यावरून पियानो सुटतो, खाली लोक पळतात, आणि अंधार. मी तीनदा बघितला.

भाची म्हणाली, मामा, गेममध्ये पियानो नाही. मी म्हणालो, आहे की, आत्ताच बघितला. ती म्हणाली, तो व्हिडिओत आहे. म्हणालो, मग तिथून उचलून इकडे ठेव. सामान हलवणाऱ्यांना हे काय जड?

ती उठून पाणी प्यायला गेली. पंचवीस मिनिटं पाणी पीत होती.

४ जून

आज माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कल्पना सुचली. तीही जिना चढताना, दुसऱ्या मजल्यावर धाप लागून कठड्याला धरून उभा होतो तेव्हा.

एकतीस वर्षांत जिन्यांनी माझे दोन्ही गुडघे खाल्ले. पहिल्या वर्षी लोखंडी कपाट पाठीवर बांधून पाचव्या मजल्यावर नेलं. वर गेल्यावर बाई म्हणाली, अहो, आमचं घर शेजारच्या इमारतीत. तेव्हाच ठरवलं होतं, देवाने दिलं तर माझ्या माणसाला जिना चढू देणार नाही.

आता दिलंय. भाचीला म्हणालो, जरा एक लिफ्ट टाक.

ती म्हणाली, मामा, लिफ्ट आली तर खेळायचं काय? मी म्हणालो, शहर आहे, ट्रक आहेत, कपाटं आहेत. ती म्हणाली, जिना हाच गेम आहे. मी म्हणालो, पोरी, जिना हा त्रास आहे. तू कधी चढवलंयस काही?

चित्रकाराने हेडफोन लावले. त्यात गाणं चालू नव्हतं, हे मला इथून कळतं.

ती म्हणाली, ठीक आहे. खोली तुझी आहे.

खोलीचा इथे काय संबंध?

२१ जून

गेम खेळून त्यावर व्हिडिओवर बडबड करणारा एक टोपीवाला आहे. हजारो लोक त्याला बघतात. आज त्याने माझी मुलाखत घेतली. विचारलं, गेम बनवणाऱ्यांची चूक काय होते? मी म्हणालो, मालक मंडळी स्वतः खेळत नाहीत. नुसती लांबून बोटं दाखवतात. मी रोज तासभर खेळतो, कानाकोपरा पाठ आहे. टोपीवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. प्रभावित झाला असावा.

भाची कॅमेऱ्यामागे उभी होती. तिला ठसका लागला.

१५ जुलै

भाचीने महिना मागितला. म्हणाली, मामा, एक महिना नवीन काही नको, नुसतं दुरुस्त करू दे. मांजराला दार कळत नाही, दाराला मांजर कळत नाही, ट्रक कधीकधी उलटे जन्माला येतात.

दिला. पूर्ण महिना दिला. शब्द म्हणजे शब्द.

१८ जुलै

लिफ्टमध्ये जरा संगीत पाहिजे. तीन दिवस गप्प होतो, हेही कुणीतरी लक्षात घ्यावं.

संध्याकाळी बायको म्हणाली, अहो, पोरीचा चेहरा बघितलात का? मी म्हणालो, उत्साह आहे. ती म्हणाली, तुमच्या आरशात असेल.

२८ ऑगस्ट, सकाळी दहा

गेम बाहेर पडला! आजच कुठल्याशा लढाईच्या गेमचा सहावा भाग येतोय म्हणे, सगळं जग त्यात अडकणार. भाचीने तारीख बदलायला सांगितलं होतं. मी म्हणालो, बाजार भरतो तिथेच दुकान टाकावं.

सकाळी साडेदहा

अजून कुणी खेळत नाहीये. गेम उतरवून घेताहेत. फार मोठा झालाय म्हणे. चित्रकार म्हणतो, निम्मं वजन कपड्यांचं आहे, बंद कपाटांतल्या.

दुपारी एक

मांजर दारात बसलं. दाराला वाटलं माणूस आहे, म्हणून उघडलं. मांजर हललं, म्हणून मिटलं. मग उघडलं, मिटलं, सेकंदाला साठ वेळा. मध्ये सोफा होता, तो आकाशात गेला. अजून वर जातोय. लोक खाली उभे राहून बघताहेत. म्हणजे लोक आहेत!

दुपारी तीन

पहिले अभिप्राय. एक जण लिहितो: सोफा लिफ्टमध्ये ठेवला, बटण दाबलं, खाली आला. नऊ सेकंद. आता काय करू? दुसरा: लिफ्टमधलं संगीत छान आहे. तिसरा: जाहिरातीतला पियानो कुठे आहे?

पहिल्या दिवसाच्या मानाने संमिश्र.

२९ ऑगस्ट

दुरुस्ती पाठवली. मी म्हणालो, थांबू नका, लगेच पाठवा. दारं आता हलत नाहीत. एकही नाही. खेळाडूंना स्वतःच्या घरातून बाहेर पडता येत नाहीये. एकाने लिहिलंय, घरात बसून शेवटी कपाट फोडलं, तर आत कपडे होते, फार सुंदर घडी घातलेले.

चित्रकाराला हे वाचून दाखवलं. त्याचे डोळे भरून आले.

१ सप्टेंबर

टोपीवाल्याचा व्हिडिओ. चार तास पियानो शोधतो. शेवटी माझ्या मुलाखतीचा तुकडा लावतो आणि कॅमेऱ्याकडे बघून टोपी काढतो. सात लाख लोकांनी बघितला.

संकल्प: टोपीवाल्यांशी बोलायचं नाही.

४ सप्टेंबर

भाची केबिनमध्ये आली, बसली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, त्याला माझ्याकडे उत्तर असतं.

म्हणाली, मामा, माझा जिना मला दे. मी म्हणालो, अगं, गेममध्ये आहेच की. ती म्हणाली, नाही. लिफ्टला जागा करायला जूनमध्ये काढला. आता तिथे भिंतीवर जिन्याचं चित्र आहे. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रत आहे, पण कागदावर ती तुझ्या कंपनीची. तू दिलीस तर तेवढाच नीट करून महिनाअखेरीच्या आत बाहेर काढते. नाही दिलीस तर एक तारखेला ऑफिसला जाते.

मी खाली उतरून गोडाऊनमध्ये एक चक्कर मारली. मोठा हमाल गोणी लावत होता. त्याला विचारलं, गेम कसा वाटला? म्हणाला, मालक, तो जिन्यावाला कधी येणार? माझा मेव्हणा विचारतोय.

वर आलो. चढायला वेळ लागला.

धंद्याचं पावतीपुस्तक काढलं. लिहिलं: जिना, एक नग, तीन मजली. सोफा, एक नग. मालकी घेणाराची. खाली सही केली. तिने माल सुस्थितीत मिळाला असं लिहून तिची केली.

दारापर्यंत गेली आणि वळली. म्हणाली, मामा, 'जरा' काही सांगायचंय का? मी म्हणालो, नाही.

होतं. पण नाही म्हणालो. याची नोंद असावी.

२६ सप्टेंबर, दुपारी चार

जिना बाहेर पडला. एक सोफा, दोन माणसं. मांजर नाही.

टोपीवाला आपल्या बायकोबरोबर खेळला. दुसऱ्या मजल्यावर दोघांचं भांडण झालं, तिसऱ्यावर समेट झाला, शेवटी सोफा खिडकीतून गेला. बघणारे लोक हसून हसून आपापल्या भावाला, मेव्हण्याला, शेजाऱ्याला बोलावताहेत. आमच्या शहराला महिनाभरात जेवढी माणसं मिळाली, त्याच्या चौपट दुपारपर्यंत जिन्यात उभी होती.

तीन वाजता भाचीने राजीनामा पाठवला. माझ्यासमोर बटण दाबलं. मी तिच्या आईला फोन लावला. दोघी रडल्या. मी मध्येच म्हणालो की जागेचा गुण असतो. भाचीने फोन माझ्या हातून काढून घेतला.

आता शांतपणे विचार केला तर मुळात गेम ओळखला कुणी? मीच. बाकी सगळं म्हणजे संशोधन. एवढं शहर बांधून बघितलं नसतं, तर जिन्याची किंमत कळली असती का?

सायंकाळी पाच

गेमच्या शेवटी नावं येतात. दोन्ही हमाल 'खेळून पाहिलं' या यादीत आहेत, मेव्हणाही आहे. मी भाचीला म्हणालो, त्यात माझंही घाल, मोठ्या गेमला एवढे महिने दिलेत. ती म्हणाली, घालते की मामा, तिथे तासांचा आकडा लागतो, बघून सांगते. कोण किती खेळलं हे कॉम्प्युटर लिहून ठेवतो म्हणे. मला माहीत नव्हतं.

मालक या नावावर एकूण खेळ: एकोणीस मिनिटं. त्यातली चौदा मी पहिल्या पडद्यावर नाव टाइप करत होतो.