बंडीतला दगड

सत्यशीला,

मेंढरं घेऊन सिद्धेश्वरच्या रानात तळ टाकायला चाललो. लेकीकडून, अंजलीकडून आलीस की वाट पाहू नको, महिना लागल.

झोपताना नाकाला लावायचं मशीन कपाटात ठेवलंय. रानात लाईट न्हाई, अन् बॅटरी पहिल्याच राती बसती. झोपंत पाठीवर पडलं की दम अडकतो, तसं वळता येऊ नये म्हणून बंडीला मागून लोकरीचा गोळा शिवला होता. तो दबून गेला. आता दगड शिवलाय.

तू म्हणलीस, दम अडकला की मला हलवायला रातभर जागणं आता होत न्हाई. बराबर हाय, दहा वर्सं जागलीस.

राखणीला कुत्रं हाय. लांडगा आला तर ते भुंकल. पण माझं घोरणं थांबलं तर त्याला वाटल, मालक निवांत झोपला.

शिवहार