छताला बांधलेलं पाणी

अण्णा, तुम्ही जन्मभर या घरात पावसाचा थेंब येऊ नये म्हणून धडपडलात, आणि मी परवा छतालाच पाणी बांधून घेतलं. हौसेने नव्हे, भीतीने. माजघरापासून न्हाणीपर्यंत वाशांना आवळून लाल नळ्या गेल्या आहेत, मधूनमधून तोट्या खाली तोंड करून लटकतात. आग लागली की त्या आपोआप पाणी सोडतात म्हणे.

हे आईमुळे. तिला आता आठवत नाही. थंडीत बंबात नारळाची सोडणं पेटवून ती वाडीत फुलं काढायला गेली आणि तिकडेच रमली. वादळाने अर्धी सुपारी झोपवली, तरी वाडी तिला सुटत नाही. इकडे न्हाणीचं दार पेटलं, आच वाशांना लागली. शेजारच्या काकूंनी विहिरीवरचा पंप लावून विझवलं. मी पुण्याहून पोचलो तर आई मलाच विचारते, "दार कुठे रे गेलं?"

तेव्हापासून मी इथेच आहे. बंब काढून टाकला, तर ती अंगणात चूल मांडते. काडेपेटी लपवली, तर देवघरातली घेते. देवाची काडेपेटी कुठे लपवायची, तुम्हीच सांगा. पुण्याला चल म्हटलं की म्हणते, "हे वाडीतून आले की विचारते." तुम्ही गेलात हे मी आधी सांगायचो. प्रत्येक वेळी ती नव्याने रडायची. आता सांगत नाही.

नळ्या बसवायला अलिबागहून माणूस आला होता. "साहेब, नुसत्या धुराने नाय सुटायचं पाणी," तो म्हणाला. "आच वर चढली की ह्या तोटीतली काच फुटते, मगच."

"आणि आईच्या पदराने पेट घेतला तर?"

"पदरावर लक्ष तुम्हालाच ठेवायला लागेल, साहेब."

बरोबरच होतं त्याचं. मला तुमची शाकारणी आठवली. तुम्ही वर, मी खालून कौलं देतोय, एक हातातून सुटतं आणि तुम्ही वरूनच ओरडता, "लक्ष कुठाय? पावसाला बोटभर फट पुरते." तेव्हा निदान फट कुठे आहे ते दिसायचं.

काल सकाळी उठलो तर प्रत्येक तोटीखाली भांडं. पातेली, कळशी, पूजेचं ताम्हनसुद्धा. "गळायला लागलंय बघ," आई म्हणाली. "ह्यांना सांग कौलं बघायला." मी परोपरीने समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पातेलं सरकवून नीट तोटीखाली आणलं. दुपार झाली तरी जेवायला बसेना. शेवटी मी शिडी लावली.

या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी पुढचं लिहून मी ते टाकलं नसतं. वर एकही कौल हललेलं नव्हतं. खाली आवाज जावा म्हणून दोन-चार उचलून परत ठेवली. तेवढ्यात अंगणातून तिची हाक आली, "अहो, उतरा आता. पान वाढलंय." मी खाली पाहिलं. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा निवांत होता, अण्णा. मी घसा खाकरून "आलो" म्हणालो आणि खाली येऊन तुमच्या पाटावर जेवायला बसलो.