खाली पडलेली सुरी

९ जानेवारी

अपील दाखल झालं! वकीलसाहेब म्हणाले, "आशा ठेवा, पण फार नको." म्हणजे किती? चिमूटभर?

सगळं घोडं अडलंय ते दुसऱ्या सुरीपाशी. हे पहिल्यापासून सांगतायत — शेजारचा कोंबडीवाला गटाराच्या पाण्यावरून भांडत आमच्या मटणाच्या दुकानात शिरला, ओंडक्यावरची सुरी उचलून अंगावर धावला, तेव्हा ह्यांनी हातातली चालवली. खालच्या कोर्टाने विचारलं, मग त्याची सुरी गेली कुठे? पोलिसांना रक्ताची एकच मिळाली, ह्यांच्या हातातली. बाकीच्या भिंतीवर, आपापल्या खिळ्याला, स्वच्छ. म्हणजे तो रिकाम्या हाताने आलेला. म्हणजे स्वसंरक्षण नाही, खून. जन्मठेप!

२ फेब्रुवारी

दुकान उघडलं. गिऱ्हाईक आधी सुऱ्यांकडे बघतं, मग माझ्याकडे, मग अर्धा किलो मागतं. कोंबडीवाल्याची बायको समोरून गेली. मी मान खाली घातली. तिनेही.

सासूबाई सकाळपासून ओंडका घासतात. सगळा जन्म ह्या दुकानात गेला त्यांचा. कोर्टातलं एक अक्षर त्यांच्या कानावर घालायचं नाही, अशी ह्यांची सक्त ताकीद. लेकाची काळजी तेवढी.

१५ मार्च

तुरुंगात भेट. हे अजून वाळलेत. म्हटलं, "नीट आठवा ना, सुरी कुठे उडाली? फळीखाली? मोरीत?"

"नाही आठवत. तू जेवलीस का?"

असा राग आला! माणूस बुडतोय आणि माझ्या जेवणाची चौकशी करतोय.

१६ मार्च

परत सगळं दुकान उलथंपालथं केलं. फळीमागे एक झुरळ. बस्स.

२१ एप्रिल

सुनावणी. सरकारी वकील म्हणाला, "सुरीला काय पंख फुटले?" मागे कोणीतरी हसलं. आपले वकीलसाहेब पाणी प्यायले.

६ मे

अपील फेटाळलं.

७ मे

वकीलसाहेबांनी हात टेकले. वर जायचं तर नवीन पुरावा हवा म्हणे. कुठून आणू? झाडाला लागतो?

सासूबाईंना एवढंच सांगितलं, की ते सुटत नाहीत. "बरं," म्हणाल्या आणि ओंडका घासायला लागल्या. मी रडले. गिऱ्हाईक उभं होतं तरी रडले. आता काही उरलं नाही.

१९ मे

मटण कापताना सुरी निसटली. बोट चांगलंच कापलं. सुरी खाली, मागोमाग मी मटकन खाली. सासूबाई धावत आल्या — आणि आधी सुरी उचलली! नळाखाली धुतली, पुसली, खिळ्याला अडकवली. मग माझं बोट धरलं.

"आई, मी मरतेय इथे!"

"अगं, खाली पडलेली सुरी बघवत नाही मला. हात आपोआप जातो." फडकं बांधता बांधता म्हणाल्या, "त्या दिवशी तर तो मेला तिथे पडलेला, आणि मी त्याच्या हाताजवळची उचलून धुवायला लागले. जागेवर लावल्यावर भानावर आले बघ."

मी बोट ओढून घेतलं. "पोलिसांना हे सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं, काय पाहिलं? मी तर मागाहून आले. काय पाहणार?"

२४ मे

भेट. "सुरी सापडली!" जाळीला तोंड लावून मी ओरडलेच. हे हसले नाहीत. माझ्या बोटाच्या फडक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती धूत होती तेव्हा मी बघत होतो गं. आईला कळू देऊ नकोस."