भर गावात मी त्या बसमध्ये चढले

ती. बुन्नामताईस धाकट्या ओक्बुनचा वाकून नमस्कार. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? दाजींचा खोकला गेला, की अजून सिगारेट ओढून वर औषध मागतात? इकडे लसूण काढून झाला, किमची मुरली, मी खुशाल. (अगदी खरोखरची खुशाल. सहा वर्षांत पहिल्यांदाच हे खरं लिहितेय.)

आता राग आवर आणि ऐक. सहा वर्षं मी तुझ्याकडे आले नाही. कधी कुत्री व्याली म्हणून, कधी मिरच्या वाळत घातल्यात म्हणून. तुझ्या सत्तरीला तर मी आमचं अख्खं छप्पर उडवलं (छप्पर जागेवरच आहे). खरं कारण असं, की माझं अंग बाहेर येत होतं. चार बाळंतपणं आणि चाळीस वर्षं उकिडवं बसून लसूण उपटणं, दुसरं काय होणार! तुझ्यापर्यंत चार तास गाडीत बसणं सोडच, दुकानापर्यंत जाऊन येईतो जीव नकोसा व्हायचा. आणि या वयात बायकांच्या डॉक्टरकडे जायचं, तर लोक विचारणार, म्हातारीला आता कसले डोहाळे लागले?

आमच्या भागात बायकांचा डॉक्टरच नाही, म्हणून सरकारची दवाखान्याची बस महिन्यातून एकदा कचेरीपुढे उभी राहते. तिच्यावर बाळाला पाजणाऱ्या आईचं हे एवढं मोठं चित्र. मी गुपचूप फोन करून नाव दिलं, तोंडाला मास्क लावला, शेतातली टोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि मागच्या वाटेने निघाले. पण आमचे गावप्रमुख मा साहेब! सकाळी कर्ण्यावरून त्यांनी सांगितलं, खत आलंय, कुत्री बांधून ठेवा, आणि "बायकांच्या बससाठी नाव दिलेल्या ओक्बुन आजी, तुमचा पहिला नंबर आहे, लवकर या हो!" (नाव दिलेली मी एकटीच होते.) झाडाखाली बुद्धिबळ खेळणारे म्हातारे सोंगट्या हातात धरून बघत राहिले. वाटलं, पळावं. पण पळता कुठे येत होतं, तोच तर आजार! मग म्हटलं, अब्रू तर गेलीच, आता अंग तरी जागेवर येऊ दे. आणि चढले.

आत डॉक्टर प्यो, पन्नाशीची बाई, भाजीवालीसारख्या मोकळ्या आवाजाची. मी तीन चड्ड्या घालून गेले होते, तरी हसली नाही. म्हणाली, "आजी, तुम्ही थांब म्हणाल तिथे मी थांबेन." माझा कुठला विश्वास! मुद्दाम चारदा थांब म्हटलं. चारही वेळा तिने हात मागे घेतला. ताई, जन्मात पहिल्यांदा माझ्या शब्दावर कुणी थांबलं गं. (आमच्या ह्यांना तर तो शब्दच ऐकू यायचा नाही, देव त्यांना शांती देवो.) तीही लसणाच्याच गावची. तिच्या आईने हेच दुखणं वीस वर्षं लपवलं. लेक बायकांची डॉक्टर झाली, तरी पुढची दोन वर्षं तिलाही सांगितलं नाही. ते कळलं आणि हिने शहरातलं इस्पितळ सोडून ही बस धरली. सांगताना तिचे डोळे भरले, मी तर हमसून रडले. रडत रडतच म्हटलं, बसवा. अंग आत धरून ठेवणारी रबराची कडी, दहा मिनिटांचं काम! सहा वर्षं मी उगाच मेले.

उतरले ती थेट कचेरीत गेले आणि गावप्रमुखांच्या हातून माइक हिसकावला. "मी ओक्बुन! माझं अंग बाहेर येत होतं, आता येत नाही. डॉक्टर बाईमाणूस आहे, दुपारपर्यंत आहे. आणि पुरुषांच्या लघवीची बस आली की मा साहेबांचं नाव मी स्वतः वाचून दाखवीन!" पाच मिनिटांत झाडाखाली एक म्हातारा उरला नाही, आणि बसपाशी अकरा बायका! त्यात शेजारची तोंग्सूची आईसुद्धा, जी बारा वर्षं लसूण उपटताना दर घटकेला पाठ दुखते म्हणून उठायची. डॉक्टरला जेवायला चार वाजले. मी तिला समुद्री शेवाळाचं सूप पाजलं (ते बाळंतिणीचं असतं, ठाऊक आहे, पण त्या दिवशी मला तेच सुचलं). असो. पोरांना आशीर्वाद.

तुझी ओक्बुन

ता. क. पत्र वाचून लगेच जाळ. दाजींच्या हाती लागलं तर मी तोंड दाखवायची नाही.

ता. क. जाळू नकोस. दाजींनाच वाचायला दे, तुला कचेरीपर्यंत गाडीतून तेच सोडणार आहेत.

ता. क. सहा वर्षांपूर्वी आईच्या श्राद्धाला सगळे खाली बसले आणि तू उभ्यानेच जेवलीस, ते मी पाहिलं होतं. का, ते मला तेव्हाच कळलं आणि तरी गप्प बसले, त्याची माफी कर. मंगळवारी बस तुमच्या गावाला येतेय. तुझं नाव दिलंय. सोमवारच्या गाडीने मी येतेय, चार तास बसून.