लेहला जे ऐकलं

नागपूर, १८ सप्टेंबर १९८२

आज सकाळी बाबा आणि मी लेहहून परतलो. माझा धाकटा भाऊ वसंता गेल्या वर्षी तिथूनच डोंगर चढायला गेला आणि उतरला नाही. एवढंसं गाव, चहूकडे उघडेबोडके तपकिरी डोंगर. बाजारभर दोर आणि जाड बूट घेतलेली गिर्यारोहक पोरं. बाबा एकेकाच्या तोंडाकडे पाहत चालत होते.

वसंतासोबत गेलेला हमाल भेटला. म्हणाला, बर्फाच्या भेगेत पडला तेव्हा तो जिवंत होता. दोर पुरला नाही. दोन दिवस आवाज येत होता. दोन दिवस.

बाबांना कमी ऐकू येतं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणून राहिला गा तो?"

"पडल्याबरोबर गेला म्हणते. त्रास नाही झाला."

का बोललो मी असं? पण दुसरं काय बोलणार होतो? बाबा त्या हमालाचे हात धरून रडले. तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

घरी आल्या आल्या बाबांनी आईला तेच सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा ती पोटभर जेवली. मी ताट बाजूला सारलं. त्या दोन दिवसांत तो कोणाला हाका मारत होता, हेसुद्धा मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

आता दिवेलागणीला आई जवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबाले कमी ऐकू येते. तू सोताच्या कानानं ऐकलं ना?"

"हो, आई," मी म्हणालो.